कानामागची जट

लांब केसांच्या कुत्र्याकडे नुसतं बघून त्याची जट कळत नाही. वरून केस मोकळे दिसतात, चमकतात, हात फिरवला तर मऊही लागतात. गुंता असतो तो कातडीलगत, आणि लाडाने फिरणारा हात तिथपर्यंत जात नाही. घरोघरी ब्रशसुद्धा असाच वरवर फिरतो. वरचे केस सुटे होतात, आपल्याला काम झाल्याचं समाधान मिळतं आणि मुळाशी गाठ आवळत राहते. म्हणून "आम्ही रोज ब्रश करतो हो" असं ग्रूमरला, म्हणजे कुत्र्यांचे केस विंचरून-कापून देणाऱ्याला, सांगणारी माणसं खोटं बोलत नसतात. ती खरोखर रोज ब्रश करत असतात. त्यांना कुणी कधी केसांचा थर बाजूला करून कातडी कशी बघायची ते दाखवलेलं नसतं, एवढंच.

मावशीचा कुत्रा बंडू माझ्याकडे आला तो तिच्या खुब्याच्या ऑपरेशननंतर. त्याची आई कॉकर स्पॅनियल आणि बाप पूडल, त्यामुळे अंगावर कुरळे, दाट, वाढतच राहणारे केस. मावशीला वाकता येत नव्हतं, जमिनीवर बसणं तर बंदच. तिच्या मदतीला येणारी बाई त्याला वेळेवर खायला घालायची, फिरवून आणायची. पण दात दाखवणाऱ्या कुत्र्याच्या काखेत फणी घालणं हे काही तिचं काम नव्हे, आणि त्याबद्दल तिला कुणी बोल लावू नये. तो आला तेव्हा मला एवढंच जाणवलं की तो आधीपेक्षा हळू चालतो आणि उचलून घ्यायला गेलं की गुरगुरतो. वय झालं असेल असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो होतो.

ग्रूमरबाईंनी त्याला टेबलावर घेतलं आणि पहिल्यांदा फक्त त्याला त्यांचा हात हुंगू दिला. मग स्टीलचा कंगवा कानामागे टेकवला. तो आत जाईचना. त्या मला म्हणाल्या, "ताई, इथे बोट घालून बघा." मी बोट घातलं. केसांखाली कातडी लागायला हवी, तिथे एक कडक, सपाट थर होता आणि बोटाचं टोक त्याच्या पलीकडे पोचत नव्हतं. त्यांनी तो थर दोन बोटांत धरून अगदी किंचित, हलकेच मागे सरकवला. त्यासरशी बंडूच्या डोळ्याचा बाहेरचा कोपरा ओढला गेला. सोडला, डोळा पूर्ववत झाला. पुन्हा सरकवला, पुन्हा डोळा ताणला गेला. कानामागची जट गालापर्यंत उतरली होती. त्याने मान वळवली की त्याची कातडी त्या जागी ओढली जात होती. तो खाताना, हाक ऐकून वळताना, झोपेत कूस बदलतानाही. त्याची चाल मंदावली होती ती काखेतल्या आणि जांघेतल्या अशाच गाठींमुळे. पाऊल पुढे टाकलं की तिथली कातडी ताणली जायची.

हे होतं कसं, ते समजून घेतल्याशिवाय मला राहवलं नाही. केस डोळ्यांना गुळगुळीत दिसला तरी त्याच्या पृष्ठभागावर बारीक खवले असतात. गळालेला केस अंगावरून खाली पडला नाही तर शेजारच्या केसांत अडकतो, हालचालीने घासला जातो, खवल्यांत खवले गुंततात. त्यात पाणी मिळालं की झालंच. लोकरीचा नमदा असाच बनतो, ओल आणि घर्षण एवढ्यावर. म्हणून गुंता तसाच ठेवून कुत्र्याला आंघोळ घातली की जट सुटायच्या ऐवजी आवळते, आणि आतली ओल लवकर वाळत नाही. पावसात भिजून आलेला कुत्रा नुसता टॉवेलने खसाखसा पुसला तरी तेच. गाठी पडायच्या जागाही ठरलेल्या असतात. कानामागे, गळ्यात पट्टा घासतो तिथे, हार्नेसच्या पट्ट्यांखाली, काखेत, जांघेत, शेपटीच्या मुळाशी, पंज्यांच्या बोटांमध्ये. जिथे काहीतरी कशावर तरी घासतं, तिथे. हिवाळ्यात हौसेने अंगात घातलेला स्वेटर दिवसरात्र तसाच राहिला तर त्याखाली अख्खं अंग घासत असतं.

आणि पिल्लू मोठं होतानाचा काळ. अनेक लोकांची फसगत तिथेच होते. पिल्लाचे केस मऊ, सुटे, फारसे गुंतत नाहीत. सहा महिन्यांपासून वर्षाच्या आसपास ते जाऊन मोठ्या कुत्र्याचे दाट केस येऊ लागतात. जुने आणि नवे एकाच वेळी अंगावर असतात, नवे वाढताना जुने त्यात अडकतात. कालपर्यंत पुरेसं होतं तेवढंच विंचरणं अचानक पुरेनासं होतं. माणसाला वाटतं, आपण तर काहीच बदललं नाही. खरंच बदललेलं नसतं. केस बदललेले असतात.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते एका वेगळ्याच गोष्टीने. 2009 साली 'सायन्स' या नियतकालिकात कुत्र्यांच्या केसांवर एक संशोधन प्रसिद्ध झालं. ऐंशी जातींचे हजारावर कुत्रे तपासून संशोधकांनी दाखवलं की कुत्र्यांच्या केसांत दिसणाऱ्या वैविध्यापैकी बराचसा भाग फक्त तीन जनुकांमधल्या फरकांनी ठरतो. एक जनुक केसांची लांबी ठरवतं, एक त्यांचं कुरळेपण आणि एक मिशा-भुवयांची झुपकेदार ठेवण. लांडग्यात केसांची मूळची, आखूड ठेवणच सापडते. हे फरक माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवले, एकत्र आणले, कारण ते त्याला आवडले किंवा उपयोगी वाटले. रानात लांब, कुरळा, न गळणारा केस घेऊन फिरणाऱ्या प्राण्याचा निभाव लागला नसता. जिभेने, दातांनी, झाडाला अंग घासून त्याला तो सांभाळता येत नाही. असा केस असलेला कुत्रा माणसाच्या हातावरच जगू शकतो.

पूडलची गोष्ट घ्या. आज प्रदर्शनात दिसणारी त्याची ती छातीवर भरगच्च आणि मागे भादरलेली ठेवण निव्वळ नखरा वाटते. पण पूडल हा पाण्यातून शिकार आणणारा कुत्रा. ओल्या केसांचं ओझं पोहताना नको म्हणून अंग भादरायचं आणि छाती व सांधे यांना ऊब राहावी म्हणून तिथले केस ठेवायचे, असा त्यामागचा हिशेब सांगतात. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये सीन नदीच्या काठावर कुत्रे भादरणारे कारागीर बसत. त्या जातीबरोबर कात्री आलीच होती, म्हणजे हा कुत्रा पाळायचा तर केस कापणारा माणूसही लागणार, हे तेव्हाच्या लोकांना ठाऊक होतं. पुढे 1989 च्या सुमारास ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरन यांनी अंध व्यक्तींसाठी कुत्रे तयार करणाऱ्या संस्थेत काम करताना लॅब्रॅडॉर आणि पूडल यांचा संकर केला. एका दृष्टिहीन बाईंच्या नवऱ्याला कुत्र्याच्या केसांची अॅलर्जी होती, त्या घराला चालेल असा कुत्रा हवा होता. हेतू चांगला, गरज खरी. त्यातून लॅब्रॅडूडल जगभर पसरला आणि मागोमाग पूडलशी केलेले कितीतरी संकर. आपण हे सुरू केलं याचा पस्तावा होतो, असं कॉनरन यांनी नंतर बोलूनही दाखवलं. विकताना लोकांना सांगितलं जातं की "याचे केस गळत नाहीत". ते ऐकून माणूस खूश होतो. पण केस गळून सोफ्यावर पडला नाही म्हणजे तो अंगावरच राहिला, शेजारच्या केसांत अडकला, हे पुढचं वाक्य कुणी सांगत नाही. बंडूच्या कानामागची जट म्हणजे ते न सांगितलेलं वाक्य होतं, असं मला तेव्हापासून वाटतं.

ग्रूमरबाई म्हणाल्या, "हे विंचरून निघणार नाही. सगळं काढावं लागेल."

मी मावशीला फोन लावला. कुत्रा तिचा, तिला विचारायलाच हवं. ती म्हणाली, "झिरो नको मारू गं. थोडं थोडं सोडवता येत नाही का? मी पैसे जास्त देते, त्यांना वेळ घेऊ दे." तिच्या आवाजात हट्ट नव्हता, कळवळा होता. बंडूचे ते कुरळे कान तिचा रोजचा विरंगुळा. टीव्ही बघताना तिची बोटं त्यांत असायची. मी ग्रूमरबाईंकडे फोन दिला. त्या जे बोलल्या ते मी विसरणार नाही. "मावशी, सोडवता येईल की नाही हा प्रश्न माझ्या हातांचा नाही, त्याच्या कातडीचा आहे. मी तासन्‌तास ओढत बसू शकते. तो नाही सहन करू शकत." मग जरा थांबून, "केस परत येतात हो."

कुत्र्याची कातडी आपल्यापेक्षा पातळ असते. गुंता सोडवायचा म्हणजे स्लिकर ब्रशच्या दाट, बारीक तारा एकाच जागेवर पुन्हा पुन्हा फिरवायच्या, त्यातून कातडी भाजल्यासारखी लाल होते, कधी सोलवटते. छोटी, सुटी गाठ असेल तर बोटांनी फाकवून, टोकाकडून मुळाकडे जात सोडवता येते, त्यात काही वावगं नाही. पण थरच्या थर जमलेली जट ओढून सोडवणं म्हणजे एखाद्याचे केस मुठीत धरून तासभर हिसके देणं. आणि कुत्रा ते विसरत नाही. पुढच्या वेळी तो टेबल बघून थरथरतो, तिसऱ्या वेळी चावतो, मग कुठलाच ग्रूमर त्याला घेत नाही, मग केस आणखी गुंततात. आपल्याला चार महिने छान दिसावं म्हणून कुत्र्याच्या मनात आयुष्यभराची भीती बसवायची, हा सौदा मला पटत नाही. केसांचा कोट कितीही देखणा असू दे.

मावशीने "हो" म्हटलं. मग ग्रूमरबाईंनी मला एक कागद दिला, जट काढताना काय होऊ शकतं ते लिहिलेला. मी तो नीट वाचला, आणि प्रत्येकाने वाचावा असं मला कळकळीने वाटतं. त्यात जबाबदारी झटकणं कमी आणि खरी माहिती जास्त होती. जटेखाली काय आहे ते केस काढेपर्यंत कुणालाच दिसत नाही. जखम असू शकते, पिसवा, गोचीड असू शकतात, ओलीने कातडी कुजलेली असू शकते. कानांच्या कडांवरची जट निघाली की तिथला दाब एकदम सुटतो, कानात रक्त उतरतं, कुत्रा डोकं झटकतो आणि त्या झटक्यांनी कानाच्या पाळीत रक्त साकळू शकतं. तसं झालं तर डॉक्टरकडे जावं लागतं. फार अवघड अवस्थेतल्या कुत्र्याचे केस डॉक्टरांकडे भूल देऊनच काढावेत, हेही त्यात होतं.

केस भादरायच्या मशीनला, म्हणजे क्लिपरला, त्यांनी दहा नंबरचं ब्लेड लावलं. ते दीड मिलिमीटरच्या आसपास केस ठेवतं. मी विचारलं, जरा मोठं ठेवणारं ब्लेड नाही का चालणार? त्यांनी कंगव्याने दाखवलं. जट कातडीला इतकी चिकटून बसलेली की मोठ्या दातांचं ब्लेड तिच्याखाली शिरतच नाही, वर अडकतं, आणि दोन दातांच्या फटीत कातडीची घडी सापडण्याचा धोका. ब्लेड जायला हवं ते जट आणि कातडी यांच्या मधल्या अरुंद फटीतून. किती केस ठेवायचे हे आपली पसंती ठरवत नाही, जटेची खोली ठरवते. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की "थोडं लांब ठेवा ना" हे वाक्य ओठांवर येत नाही.

मग काम सुरू झालं. खूप सावकाश. मध्येच त्या ब्लेड स्वतःच्या मनगटाला लावून बघत, गरम लागलं की बदलत. ब्लेड तापतं आणि कातडी भाजते, हे मला माहीत नव्हतं. काखेत आल्यावर त्यांनी एका हाताने कातडी ताणून धरली, कारण तिथे तिच्या पातळ घड्या असतात. बंडूने जीभ ओठांवरून फिरवली, जांभई दिली, डोळ्यांचं पांढरं दिसायला लागलं. ती जांभई कंटाळ्याची नसते, घाबरल्याची असते. प्रत्येक वेळी त्या थांबल्या. क्लिपर बंद केला, हात त्याच्या छातीवर ठेवला, त्याचा श्वास खाली बसू दिला. पाठीवरची जट निघाली ती एका अखंड तुकड्यात, चटईएवढी, आतल्या बाजूने राखाडी. तिच्यात गवताची कुसळं होती, कोंडा होता. काखेखाली कातडी लालभडक झालेली. एके ठिकाणी रुपयाएवढं ओलं, केस झडलेलं व्रण. मी तिथे हात नेला तर त्यांनी माझा हात हलकेच बाजूला केला आणि फोटो काढला. "हा डॉक्टरांना दाखवा. मी यावर काही लावणार नाही." आपलं काम कुठे संपतं हे ओळखणाऱ्या माणसांबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. कान सगळ्यात शेवटी घेतले, आणि झटके बसू नयेत म्हणून डोक्याभोवती मऊ पट्टी सैलसर गुंडाळली.

या सगळ्या वेळात त्यांनी "इतके दिवस काय करत होतात?" असं एकदाही विचारलं नाही.

मला यावर जरा थांबायचं आहे. जटा झालेला कुत्रा बघून राग येणं साहजिक आहे. प्राण्यांवर प्रेम करणाऱ्या माणसांना तो जास्तच येतो. पण त्या कुत्र्यामागे कितीतरी वेळा एक आजारी म्हातारं माणूस असतं, नुकतंच कुणी गेलेलं घर असतं, नोकरी गेलेली असते, किंवा ज्याला कुणीच कधी शिकवलं नाही असा कुणीतरी असतो. अशा माणसाला टेबलापाशी चार लोकांसमोर फैलावर घेतलं की तो पुढच्या वेळी येत नाही. शरमेने महिने ढकलतो. आणि त्या महिन्यांचं दुखणं भोगतो तो कुत्रा. खरंच हेळसांड करणारी माणसं असतात, मुद्दाम छळणारीही असतात, तिथे कायद्याकडेच जायला हवं. पण त्यांच्यासाठी ठेवलेला सूर सगळ्यांना लावला तर नुकसान त्याचंच होतं ज्याच्यासाठी आपण रागावलो. मावशी नंतर मला म्हणाली की आदल्या खेपेला एका ठिकाणी तिला असंच सुनावलं होतं, म्हणून ती पुन्हा गेली नाही, आणि मग पाय मोडला.

आपणही ग्रूमरशी नीट बोलायला शिकायला हवं. फोनवर "जरा गुंता आहे" असं म्हणण्यापेक्षा कुठे आहे, किती दिवसांचा आहे, कंगवा मुळापर्यंत जातो का, कुत्रा चावतो का, हे सरळ सांगावं. त्यांना तेवढा वेळ राखून ठेवता येतो. आणि आपण विचारायचं ते असं, की कुठलं ब्लेड लावणार, जखम निघाली तर मला बोलावणार का, तो घाबरला तर काम थांबवून दुसऱ्या दिवशी पुढे करता येईल का. कुत्र्याला हात न लावताच "कोट वाचवून देतो" असं सांगणाऱ्यापासून मी लांब राहीन. जटेवर थेट कात्री चालवणाऱ्यापासूनही. एका मैत्रिणीच्या ल्हासा अप्सोला अशीच कात्री लागली होती. जट ओढली की तिच्याबरोबर कातडी तंबूसारखी वर उचलली जाते, आणि केस कुठे संपले, कातडी कुठे सुरू झाली हे कळत नाही. त्याला टाके पडले. घरीही हे कुणी करू नये.

दुसऱ्या टोकाचंही सांगायला हवं. हस्की, जर्मन शेफर्ड, पोमेरेनियन यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, वरचे राठ आणि आतली दाट लव. उन्हाळा आला की त्यांना सरसकट भादरून टाकायची पद्धत पडली आहे, ती मला मान्य नाही. तो वरचा थर त्यांना उन्हापासूनही सांभाळतो, आणि भादरल्यावर काहींचे केस नीट परत येत नाहीत, चट्टे राहतात. गळलेली लव विंचरून काढली की हवा खेळते, त्यांना तेवढं पुरतं. त्यांच्याही अंगावर कातडीला चिकटलेली जट झाली तर मात्र भादरण्याला पर्याय नाही. केसांच्या रूपापेक्षा कातडी आधी, हा हिशेब सगळ्या जातींना सारखाच.

बंडू घरी आला तेव्हा ओळखू येत नव्हता. एवढासा, गुलाबी, मोठ्या डोळ्यांचा. पहिला दिवस तो अस्वस्थ होता, सारखा मागे वळून स्वतःचं अंग चाटत होता. कातडीला इतक्या दिवसांनी वारा लागत होता. त्याला थंडी वाजू नये म्हणून अंथरूण जाड केलं, भर उन्हात नेणं टाळलं. दुसऱ्या दिवशी मी त्याला उचललं तर गुरगुरला नाही. संध्याकाळी तो धावला. म्हातारपण म्हणून आम्ही जे धरून चाललो होतो ते दुखणं होतं.

मावशीने त्याला बघितलं आणि ती रडली. "माझं बाळ कसं केलंत," म्हणाली. मी तिचा हात धरून त्याच्या काखेत नेला, बऱ्या होत आलेल्या व्रणाच्या बाजूला. तिने बोटांनी चाचपलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "याला दुखत होतं?"

"हो मावशी."

"मला वाटायचं माझ्यावर रुसलाय."

आता बंडूचे केस आम्ही बोटभरच वाढू देतो आणि ठरावीक आठवड्यांनी ग्रूमरबाईंकडे नेतो. घरी मी त्याला मावशीच्या पलंगावर, तिच्या शेजारी घेते. एका हाताने केसांचा थर वर धरायचा, खाली कातडीची पांढरी रेघ दिसली पाहिजे, तिथून एकेक ओळ खाली ओढत ब्रश फिरवायचा, मग पुढची ओळ. शेवटी स्टीलचा कंगवा मुळापासून टोकापर्यंत. तो कुठेही अडकला की तिथे अजून काम बाकी आहे. पाठ पटकन होते. कान, काखा आणि पाय यांना वेळ द्यावा लागतो, म्हणून मी सुरुवात तिथूनच करते, तो दमायच्या आत. हनुवटी माझ्या तळहातावर टेकवली की फणी फिरते आणि उचलली की थांबते, हे त्याला हळूहळू कळलं आहे. कधी कधी एक कान झाला की तो हनुवटी उचलतो आणि दुसरा उद्यावर जातो. कानांचं काम मावशीने स्वतःकडे घेतलं आहे, बसल्या जागी तिला ते जमतं. तिला ते पुन्हा पहिल्यासारखे लांब हवे आहेत. ग्रूमरबाई म्हणाल्या, कंगवा रोज मुळापर्यंत जात असेल तर माझी काही हरकत नाही. पुढच्या खेपेला त्या तपासून सांगणार आहेत.